हातावरचं विमान

कुठल्याही यात्रेत गोंदणाऱ्याच्या पुढं एक पुठ्ठा मांडलेला असतो. त्यावर ॐ, त्रिशूळ, विंचू, वाघ, बाण घुसलेला बदाम आणि 'आई' अशी ठरलेली नक्षी. आमच्या तलवाड्याला (ता. गेवराई, जि. बीड) त्वरितादेवीच्या दर्शनाला येणाऱ्या माणसांच्या हातावर नजर टाकली तरी हा सगळा पुठ्ठा बघायला मिळतो. अलीकडं मात्र पोरं पुठ्ठा बघतच नाहीत. ती मोबाइल पुढं करतात आणि म्हणतात, "हे काढ." मोबाइलमध्ये असतं एक जुनं, पुढं पंखा असलेलं लढाऊ विमान, त्याच्या नाकावर शार्क माशाचे दात, आणि शेजारी तोकड्या कपड्यात, उंच टाचांवर उभी, सॅल्यूट ठोकणारी एक गोरी बाई.

आपल्या होस्टेलवरही असे दोन-तीन दंड आहेत. नावं सांगत नाही, रेक्टरसर हे पान वाचतात. मेकॅनिकलवाल्यांना त्यातलं विमान ओळखता येतं, इंजिन कोणतं तेही सांगतील. पण ती बाई तिथं का उभी आहे, हे विचारलं की सगळे हसतात. म्हणून हा लेख. आणि मित्रहो, दुसरं एक कारण आहे, जरा गंभीर आहे. ते पुढं येईल, पण लेख अर्धवट सोडू नका, विशेषतः ज्यांना एअरफोर्समध्ये जायचंय त्यांनी.

तर आधी बाई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बर विमानं इंग्लंडमधून उडून जर्मनीवर बॉम्ब टाकायची. एका विमानात दहा माणसं, बहुतेक आपल्याच वयाची, वीस-बावीसची. इंग्लंडमधल्या त्या एकट्या आठव्या हवाई दलाचे २६,००० हून जास्त लोक मेले. ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख वैमानिक आणि कर्मचारी उडाले, त्यातले ५५,५७३ परत आले नाहीत. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. वर्गात साठ जण असतील तर सव्वीस बाकं रिकामी. अशा ठिकाणी माणूस काय करतो? जे गावाकडं ट्रॅक्टर घेतल्यावर करतो तेच. नाव देतो, चित्र काढतो, लिंबू-मिरची बांधतो. विमानाला नुसता कारखान्याचा नंबर असायचा. त्या नंबरात बसून मरायला कुणाला आवडेल? म्हणून विमानाच्या नाकावर, पायलटच्या खिडकीच्या खाली, उरलेल्या रंगानं चित्रं काढायची प्रथा पडली. इंग्रजीत तिला 'नोज आर्ट' म्हणतात. काढणारे बरेचदा ग्राउंड क्रूमधलेच, ज्याचा हात चांगला तो.

चित्राचा नमुना मासिकातून यायचा. अमेरिकेत 'एस्क्वायर' नावाचं मासिक होतं, त्यात जॉर्ज पेटी आणि आल्बर्टो वर्गास हे दोन चित्रकार हसऱ्या, लांब पायांच्या मुलींची चित्रं काढायचे. हे वर्गास मूळचे पेरू देशातले. चित्र मासिकातून सोडवून टाचणीनं भिंतीवर लावायचं, म्हणून 'पिन-अप'. टाचणी हाच त्या नावाचा अर्थ, बाकी काही गूढ नाही. 'मेम्फिस बेल' हे बॉम्बर सगळ्यांत प्रसिद्ध. त्यावरची मुलगी पेटीच्या एप्रिल १९४१ च्या चित्रावरून टोनी स्टारसर नावाच्या सैनिकानं रंगवली. विमानाच्या एका बाजूला तिचा पोशाख निळा, दुसऱ्या बाजूला लाल. विमानाचं नाव पायलट रॉबर्ट मॉर्गनच्या प्रेयसीवरून होतं, ती मेम्फिस गावची. १९४३ च्या मे महिन्यात या विमानाच्या लोकांनी २५ मोहिमा पुऱ्या केल्या आणि जिवंत घरी गेले, ही त्या काळात बातमी होण्यासारखी गोष्ट होती. त्या दोघांचं लग्न मात्र झालं नाही. विमान शाबूत राहिलं, ते आज अमेरिकेत डेटनच्या संग्रहालयात आहे.

नाकावरचं चित्र मग कातडी जॅकेटच्या पाठीवर आलं, आणि तिथून अंगावर. हवाई बेटांवरच्या होनोलुलूमध्ये युद्धाच्या काळात खलाशी आणि सैनिक रांगा लावून गोंदून घ्यायचे. तिथला नॉर्मन कॉलिन्स ऊर्फ 'सेलर जेरी' हा या पद्धतीचा मोठा माणूस. जाड काळी रेघ, मोजके रंग, आणि चित्र दहा फुटांवरून कळलं पाहिजे. आज पोरांच्या मोबाइलमध्ये जे 'ओल्ड स्कूल' म्हणून येतं ते हेच.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, अमेरिकन लोकांचं लफडं, आपला काय संबंध? संबंध आहे. बाई आणि छापील कागद हे समीकरण आपल्याकडं त्याच्या आधीपासून आहे. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या, त्यांच्याबरोबर नऊवारीतल्या नायिकाही गेल्या. पुढं दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं आली. मुळगावकरांचा एअरब्रशवर असा हात होता की गालावरची छटा फुंकर मारून बसवल्यासारखी वाटावी. आमच्या आजोबांच्या पेटीच्या झाकणाला आतून त्यांचं एक कॅलेंडर चिकटवलेलं होतं. आजीला ते माहीत होतं. ती काही बोलली नाही, पण पेटी उघडताना आजोबा आधी आजूबाजूला बघायचे. थोडक्यात, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचं की विमानाच्या नाकावर बाहेरून रंगवायचं, एवढाच फरक. (आडनावाची एक गंमत. मुळगावकर चित्रकार १९७६ साली गेले, आणि त्याच वर्षी एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर हवाई दलाचे प्रमुख झाले. एकाच आडनावाचे दोन मराठी माणूस, एक आकाशातला आणि एक मुखपृष्ठावरचा.)

आणि ती विमानं खुद्द भारतात उतरलेली आहेत. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ ही अवाढव्य बॉम्बर विमानं खरगपूरच्या आसपासच्या धावपट्ट्यांवर आली, कलाईकुंडा, चाकुलिया वगैरे. त्यांचं मुख्यालय होतं हिजलीच्या बंदिछावणीच्या इमारतीत. जी इमारत पुढं १९५१ मध्ये पहिल्या आयआयटीची इमारत झाली तीच. गेटचा फॉर्म भरताना ज्या खरगपूरचं नाव आपण पहिल्या पसंतीला लिहितो, तिथल्या आकाशातून बाया रंगवलेली विमानं गेलेली आहेत.

शार्कच्या दातांचीही गोष्ट अशीच फिरत आलेली. आधी ते जर्मन विमानांवर होते. ते बघून ब्रिटिशांच्या ११२ नंबरच्या स्क्वाड्रननं उत्तर आफ्रिकेत आपल्या विमानांवर काढले. त्यांचा फोटो मासिकात छापून आला, तो ब्रह्मदेशात सराव करणाऱ्या अमेरिकन 'फ्लाइंग टायगर्स'च्या पोरांनी बघितला आणि १९४१ मध्ये आपल्या पी-४० वर काढला. नाव टायगर, तोंड शार्कचं! शत्रूची डिझाइन कॉपी करून ती आपल्या नावानं प्रसिद्ध करणं ही कला सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्यालाही चांगली जमते.

पण मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट कानपूरची आहे. युद्ध संपल्यावर बी-२४ लिबरेटर जातीची कितीतरी बॉम्बर विमानं तिथं टाकून देण्यात आली, आणि ती पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केली गेली. भारताला तर १९४८ मध्ये बॉम्बर हवी होती आणि पैसे नव्हते. मग हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी या भंगारातून एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन असं करत ४२ च्या आसपास विमानं उभी केली. कानपूरला जेमतेम उडण्यालायक करायची आणि पुऱ्या दुरुस्तीसाठी बंगलोरला उडवत न्यायची. ती उडवत नेण्याचं काम मुख्यतः जमशेद मुन्शी या एका पायलटनं केलं. आपण मोडकी लुना गॅरेजपर्यंत ढकलत नेतो, तसं हा माणूस चार इंजिनांचं बॉम्बर नेत होता. हवाई दलानं ही विमानं १९६८ च्या अखेरपर्यंत वापरली. त्यांचा मुक्काम काही काळ पुण्यालाही होता.

यातलंच एक विमान पुढं परदेशी गेलं. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकानं ते नेलं, मग अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं घेतलं आणि दुरुस्त करून पुन्हा उडवलं. तिथं त्याला लोकांनी जुन्या युद्धविमानाचं रूप दिलं. काही वर्षं त्याच्या अंगावर लांबच लांब ड्रॅगन होता आणि त्याच्या पंजात एक विवस्त्र बाई. २००५ पासून त्याचं नाव 'विचक्राफ्ट'. भारतात वीस वर्षं देशाची नोकरी केली आणि म्हातारपणी अमेरिकेत जाऊन अंगावर चित्रं काढून घेतली. आज कुणी दंडावर बी-२४ गोंदत असेल तर त्यानं लक्षात ठेवावं, हे विमान आपलंही आहे. बाई नसलेलं.

आता आजीकडं वळू. आजीच्या कपाळावर, हनुवटीवर ठिपके आणि मनगटाच्या आत तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. ती म्हणायची, मेल्यावर सोनंनाणं काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं. बॉम्बरमधल्या पोरानं नाकावर मुलगी रंगवली त्यामागंही यापेक्षा वेगळं काही असेल असं मला वाटत नाही. जिथं काहीच आपल्या हातात नाही, तिथं एक खूण तरी आपली. आजीच्या वेळी गोंदणारीण दिव्याची काजळी तेलात किंवा पाल्याच्या रसात खलायची आणि सुयांची जुडी बुडवून टोचायची. आजच्या चकचकीत दुकानातल्या काळ्या शाईत काय असतं? कार्बन ब्लॅक. म्हणजे काजळीच, फक्त बाटलीतली.

यंत्र मात्र आपल्या अभ्यासक्रमातलं आहे. एडिसननं १८७६ मध्ये 'इलेक्ट्रिक पेन'चं पेटंट घेतलं. मोटरवर सुई वरखाली व्हायची, कागदाला बारीक भोकं पडायची आणि त्या स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या. झेरॉक्सचा पणजोबा म्हणा. ऑफिसात ते फार चाललं नाही. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं त्याच कल्पनेवरून १८९१ मध्ये गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. नंतरचं दोन कॉइलचं यंत्र म्हणजे तर शाळेतली विजेची घंटाच. कॉइलमधून करंट गेला की लोखंडी पट्टी खाली ओढली जाते, पट्टी खाली गेली की संपर्क तुटतो, चुंबकत्व जातं, स्प्रिंग पट्टी वर नेते, पुन्हा संपर्क. घंटेच्या टोल्याच्या जागी सुई. सेकंदाला शंभरच्या आसपास टोचे. तो जो गुणगुण आवाज येतो तो यामुळं.

सुई साधारण दीड-दोन मिलिमीटर आत जाते. वरचं कातडं महिन्याभरात झडून नवं येतं, म्हणून शाई त्याच्या खालच्या थरात, डर्मिसमध्ये, सोडावी लागते. शरीराला वाटतं हल्ला झाला. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्सच्या मार्से शहरातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की या पेशी मेल्या की शाई बाहेर पडते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती लगेच गिळते. म्हणजे गोंदण कायमचं टिकतं ते डागासारखं पडून राहून नव्हे. पहाऱ्यावरचा शिपाई बदलतो, कैदी तोच.

या देवाणघेवाणीत शाई हळूहळू पसरते. म्हणूनच सेलर जेरीची रेघ जाड होती. आपल्याकडची पोरं मात्र चार इंचांच्या विमानात रिव्हेट, कॉकपिटच्या काचेच्या चौकटी आणि शेपटीवरचा नंबर असं सगळं मागतात. ड्रॉइंग शीटवर ०.३ च्या पेन्सिलनं ते छान दिसेल. कातडीवर दहा-पंधरा वर्षांत स्पिटफायरची घोरपड होते. डिटेल हवं असेल तर आकार मोठा घ्या, आकार लहान हवा असेल तर नुसती बाह्यरेषा. ही ड्राफ्टिंगची साधी अक्कल आहे.

आता ते गंभीर कारण.

आपल्या भागात पहाटे साडेचारला गेवराई रस्त्यावर बघा, पोरं पळत असतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला आर्मी, कुणाला एअरफोर्स. बीड-नांदेडकडच्या पोरांना हे स्वप्न मोठं वाटू नये, कारण २०२१ ते २०२४ हवाई दलाचे प्रमुख असलेले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातले. आणि विमानाचं वेड ज्याला जास्त, तोच विमान गोंदून घेतो. कुठं? दंडावर, छातीवर, मानेमागं. जिथं दिसायला भारी दिसतं तिथं.

हवाई दलाच्या भरतीच्या जाहिरातीत याबद्दल स्पष्ट लिहिलेलं असतं. कायमचं गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळव्याच्या मागच्या बाजूला चालतं. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या जमातीच्या रूढीप्रमाणं असलेल्या गोंदणाची सूट आहे. बाकी अंगावर कुठंही असेल तर नापास होण्याचं कारण. जे चालतं त्याचेही जवळून आणि लांबून काढलेले फोटो द्यावे लागतात आणि शेवटचा निर्णय निवड केंद्राचा. पुन्हा वाचा: चित्र कशाचं आहे याच्या आधी ते कुठं आहे हे बघतात. म्हणजे आजीचं मनगटाच्या आतलं तुळशीवृंदावन नियमात बसलं असतं आणि दंडावरचं मिग-२१ बसत नाही. आपल्याच राज्यात, नाशिकजवळ ओझरला जे मिग बनले, जे १९६३ पासून सेवेत राहून २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झाले, त्यांच्यावर प्रेम करायची ही शिक्षा म्हणायची का? मला तसं वाटतं. नियम थोडा कडकच आहे. पण पळण्यात, गणितात, मेडिकलमध्ये सगळीकडं पास झालेला पोरगा शर्ट काढल्यावर घरी येतो, तेव्हा माझ्या मताचा त्याला काही उपयोग नसतो. जाहिरात दरवेळी नवी निघते, तेव्हा अर्ज भरण्याआधी नव्हे, गोंदून घेण्याआधी ती वाचा.

अमेरिकेच्या नौदलानं १९०९ मध्ये असाच नियम काढला होता, जास्त गमतीशीर. अश्लील गोंदण असेल तर भरती नाही, पण चित्रात दुरुस्ती करून आलात तर विचार करू. झालं, गोंदणाऱ्यांचा धंदा वाढला. पोरं उघड्या बाया घेऊन यायची आणि त्यांना झगे घालून भरतीला जायची. आपल्याकडं बाईला नऊवारी नेसवून भागणार नाही, कारण जागाच चुकलेली असते.

लेझरनं काढता येतं, हे खरं. लेझरचा अतिशय लहान झटका शाईच्या कणांचे तुकडे करतो आणि मग शरीर ते वाहून नेतं. काळी शाई लवकर जाते, हिरवी-निळी चिवट. आपल्या सावळ्या कातडीवर बहुधा १०६४ नॅनोमीटरचा लेझर वापरतात, कारण तो आपल्या रंगद्रव्यात कमी शोषला जातो. पण एका बैठकीत होत नाही. प्रत्येक वेळी दीड-दोन महिन्यांचं अंतर ठेवून कितीतरी बैठका लागतात, आणि डाग राहू शकतो. भरतीच्या वयाची मर्यादा तोपर्यंत थांबत नाही.

बाईबद्दलही एक बोलायचंय. १९९३ मध्ये अमेरिकन हवाई दलानंच ठरवलं की विमानावरची चित्रं स्त्री-पुरुष भेद न करणारी असावीत. आपल्याकडं १८ जून २०१६ ला पहिल्या तीन महिला फायटर पायलट झाल्या. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ग्राउंड क्रूनं विमानाच्या नाकावर काय काढावं? युद्धातच अमेरिकेच्या महिला पायलटांनी यावर आपला मार्ग काढला होता. त्यांचं बोधचिन्ह होतं 'फिफिनेला', डिस्नेनं काढलेली पंखवाली, गॉगल घातलेली, उडी मारणारी चिमुकली. ती उभी राहून कुणाला सॅल्यूट ठोकत नाही, स्वतः उडते. आपल्या लेडीज होस्टेलमधल्या कुणाला विमान गोंदवायचंच असेल तर ही बाई माझ्या मते जास्त बरी.

राहिली सुई. सेलर जेरी हा एकदाच वापरायची सुई आणि ऑटोक्लेव्ह यांचा आग्रह धरणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी मानला जातो. यात्रेत गर्दीच्या दिवशी एकच सुई किती जणांना टोचली जाते ते स्वतः उभं राहून मोजा. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही असे जातात. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं म्हणजे निर्जंतुक झालं असं होत नाही. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावायचं, शाई नव्या झाकणात ओतायला लावायची, हातमोजे नवे. "लाजतो" म्हणू नका, चहात माशी पडली तर आपण टपरीवाल्याशी भांडतो. कॅसेट प्लेअरच्या मोटरला सुई बांधून रूमवर केलेलं यंत्र मी बघितलंय. डिझाइन हुशारीचं होतं, पेनची रिफिल, गिटारची तार, सगळं बसवलेलं. प्रोजेक्ट म्हणून दहापैकी नऊ गुण देईन. अंगाला लावून घेणार नाही.

आणि एनएसएसवाल्यांसाठी: गोंदून घेतल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, असा राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेचा २०१७ चा नियम आहे. शिबिरात नाव देताना खरं सांगा. आधी दिलेलं असेल आणि मधे गोंदून घेतलं असेल, तर नाव काढून घ्या, दुसरा कुणीतरी देईल.